बांगड्या घातलेली झारी

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात, तेव्हा माझ्या एका सवयीला हसलात. मला कात्री हवी असली की मी नुसता हात पुढे करते, तोंडानं काही म्हणत नाही. आणि कुणाला कात्री द्यायची झाली, तर मूठ त्याच्या बाजूला करून त्याच्या तळहातावर जरा आपटूनच देते. धाकटी म्हणाली, "आजी, आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीत असंच देतात. तू कुठं शिकलीस?" तेव्हा पानं वाढायची होती, म्हणून सांगायचं राहिलं. परवा तिनंच फोनवर विचारलं, की मूल पाळणाघरात ठेवून दिवसभर ऑपरेशनच्या खोलीत उभं राहायचं, असं तुमच्या काळी कुणी करत होतं का गं. करत होतं. आणि कात्रीची ही सवय मी त्या बाईकडूनच उचलली आहे.

मी सगळं क्रमवार सांगते म्हणून तुम्ही मला चिडवता. पण या बाईचं क्रमवार सांगता येत नाही. जशी आठवेल तशी सांगते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुमचे आजोबा कोर्टात होते, आणि पांझरा नदीपासून जवळच एका घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली ती राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. मोठ्या डॉक्टरांपासून भाजीवाल्यापर्यंत, तिच्याहून वयानं मोठे असलेले लोकसुद्धा. नवरा कापसाच्या जिनात फिटर होता, अगदी अबोल माणूस. दोन मुली, एक मुलगा, आणि म्हातारी विधवा सासू. मूळची एरंडोलकडच्या शेतकरी घरातली. सासूच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ही सोबतीला म्हणून इस्पितळात राहिली. सासू बरी होऊन घरी गेली, ही मात्र तिथंच नर्सचं काम शिकायला राहिली. गोऱ्या मेट्रननं तिला का ठेवून घेतलं, ते मी एकदा विचारलं. तर म्हणाली, मडमेला बोलणाऱ्या बाया नको होत्या.

आणि खरंच, ती बोलायची थोडं. ऑपरेशन करताना डॉक्टर इंग्रजीत काहीतरी पुटपुटत आणि हिला इंग्रजी येत नसे. पण ते काय मागणार हे तिला त्यांच्या खांद्यावरून कळायचं म्हणे. खांदा असा झाला की चिमटा, तसा झाला की दोरा. मी पुण्याची, नव्यानं आलेली, आणि चौकशा करण्याची मला भारी हौस. मी तिला आपले खांदे हलवून दाखवले आणि मला काय हवंय ते ओळखायला सांगितलं. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मला तहान लागली होती हे खरंच होतं.

घरातही हाच कारभार. चुलीपुढे बसली की न बघता मागे तळहात पसरायचा. मुलांनी बघून घ्यायचं की तव्यावर भाकरी फुगली आहे, म्हणजे उलथनं. दूध वर येतंय, म्हणजे सांडशी. मूठ आईच्या बाजूला, आणि तळहातावर ठणकन. चुकीची वस्तू दिली तर ती रागावत नसे, नुसती वस्तू खाली ठेवून पुन्हा हात पसरे. त्या पसरलेल्या हाताला मुलं रागावण्याहून जास्त भीत. तिचा नवरासुद्धा जेवताना मुकाट हात पसरायचा आणि पोरं त्याच्या हातावर नेमकी हिरवी मिरची ठेवायची.

हात धुतले की ते छातीपुढे उचलून धरायचे, कशाला लावायचे नाहीत, ही इस्पितळातली शिस्त तिच्या अंगात अशी मुरली होती, की बाजारातही ती तशीच चालायची. समोरचा माणूस तिनं नमस्कार केला असं समजून उलट नमस्कार करायचा. दारं कोपरानं उघडायची. वांगी निवडताना कोपरानंच दाखवायची, ते नको, ते दे. भाजीवाला तिला बघून टोपली तिच्या कोपराएवढी उंच धरायचा.

शाळेत मला तिच्या मुली लांबून ओळखू येत. त्यांच्या वेणीच्या रिबिनीला आई जी गाठ मारी, ती कुणालाच सुटत नसे. एकदा धाकटीची वेणी खेळताना विसकटली म्हणून मी सोडायला बसले, तर तास संपला तरी गाठ तशीच. पोरगी म्हणाली, बाई, ती आईच सोडते, नाहीतर मग कात्रीनं टाके काढतात तशी काढावी लागते.

आता हातमोज्यांचं सांगते, कारण पुढे ते लागणार आहेत. त्या वेळी ऑपरेशनचे रबरी हातमोजे तुमच्यासारखे एकदा वापरून टाकून देत नसत. धुवायचे, उकळायचे, फाटले तर ठिगळ लावायचं, पावडर लावून पुन्हा वापरायचे. ठिगळाच्याही पलीकडे गेले की ते अक्का घरी आणायची. ओसरीच्या दोरीवर ते हात वाळत पडलेले असत. नवीन माणूस गल्लीत शिरला की थबकायचा. तिच्या मुलांनी त्यात पाणी भरून, बोटांना टाचणीनं भोकं पाडून, गाय दोहायचा खेळ काढला होता. आणि बायकांना त्याचा फार मोठा उपयोग होता. खानदेशात मिरची किती लागते ते तुम्हांला माहीत नाही. वर्षाच्या मिरच्यांची देठं काढायची म्हणजे हातांची दोन दिवस आग. सगळी गल्ली अक्काचे हातमोजे मागून न्यायची. मिरचीचा जोड वेगळ्या खुंटीवर, त्याला मुलांनी हात लावायचा नाही.

पण अक्काचं खरं नवल होतं ते तिचे स्वतःचे हात. ते भुंडे असायचे. नवरा जिवंत, धडधाकट, सकाळी डबा घेऊन जिनात जाणारा, आणि बायकोच्या हातात बांगडी नाही. ऑपरेशनला उभं राहायचं तर बांगडी चालत नाही हे तुमच्या पिढीला सांगायला नको. तेव्हाच्या लोकांना ते कसं पटावं? सवाष्णीनं हातातली काच उतरवणं म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याला हात लावणं. एरंडोलकडच्या नातेवाइकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं.

यावर तोड काढली ती सासूनं. म्हातारी पहिल्या दिवशी अडून बसली होती. तिचं म्हणणं एवढंच, "मना पोरगा जित्ता शे नं? मग बांगड्या कोठे तरी पाह्यजेत." माझा मुलगा जिवंत आहे, तर बांगड्या कुठंतरी घातलेल्या असायलाच हव्यात. मग तिनंच स्वयंपाकघरातली तांब्याची झारी काढली. सुरईसारखी लांब मान आणि बारीक तोटी असलेली. ती पाण्यानं काठोकाठ भरली आणि सुनेच्या बांगड्या एकेक करून तिच्या मानेत घातल्या. नियम असा ठरला, की बांगड्या झारीवर आहेत तोवर झारी रिकामी होता कामा नये. भरलेल्या घरात भरलेली झारी. मग कुणी काही म्हणो.

मी राहायला आले तोवर हे सगळं रुळून गेलं होतं. कासाराकडून अक्का मुद्दाम जरा सैल बांगड्या घ्यायची. सकाळी त्या झारीवर जायच्या, संध्याकाळी हातात यायच्या. मुलांनी त्यातून आपला वेगळाच नियम काढला होता. बांगड्या झारीवर असल्या की झारी म्हणजेच आई. कुणी कुणाला मारलं, कुणी पाटी फोडली, आजीनं गूळ दिला नाही, की झारीच्या तोंडाशी तोंड नेऊन सगळी तक्रार सांगायची. थोरलीचं एक वाक्य माझ्या कानात अजून आहे. धाकटा रडत आला की ती सांगायची, "आई घर नही शे. झारीले सांग." आणि तो खरंच हुंदके देत झारीपाशी जायचा.

संध्याकाळी अक्का आली, की आधी बांगड्या हातात घालायची, मग झारीतलं पाणी घटाघटा पिऊन टाकायची आणि तोंड पुसून म्हणायची, आज पाणी आंबट आहे, कोण खोटं बोललं? किंवा, आज गोड आहे, काहीतरी लपवताय. पोरं आपण होऊन कबूल व्हायची. मी तिला विचारलं, हे तुम्हांला कसं सुचलं? म्हणाली, तहान लागलेली असते मास्तरीणबाई, पाणी तर प्यायचंच असतं.

इस्पितळातही बांगड्यांचं तिचं एक काम होतं, आणि ते तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. पूर्वी ऑपरेशनला आणलेल्या बाईच्या काचेच्या बांगड्या तिथल्या बायका सरळ फोडून टाकत. बाई शुद्धीवर आली की आधी स्वतःचे हात बघायची आणि नवरा गेला असं समजून किंचाळायची. अक्का फोडू देत नसे. ती बाईच्या हातावर जुना पातळ हातमोजा चढवायची, वरून साबणाचं पाणी सोडायची आणि बांगडी रबरावरून अलगद घसरवत काढायची. मग दाराबाहेर जाऊन त्या बांगड्या नवऱ्याच्या हातात द्यायची. मूठ सोडू नको, एवढंच त्याला सांगायची. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतं, असं तिचं मत होतं.

थोरलीचं लग्न ठरलं चोपड्याला. केळीच्या बागा असलेलं मोठं घर, मुलगा शिकलेला. विहीणबाई करारी. मुलगी बघायला आल्या तेव्हा त्यांची नजर मुलीच्या चेहऱ्यावरून उतरली ती सरळ आईच्या मनगटांवर थांबली. बाकी काही त्यांनी मागितलं नाही. एकच अट घातली, की लग्नाच्या दिवशी मुलीच्या आईच्या हातात हिरवा चुडा असला पाहिजे, आणि तो घट्ट. दाखवण्यापुरत्या सैल बांगड्या चालणार नाहीत. अक्कानं मान्य केलं. डॉक्टरांना सांगून रजा घेतली. आदल्या दिवशी कासारानं तिचा हात चोळून, दाबून, चांगल्या घट्ट बांगड्या भरल्या. दिवसभर ती स्वतःच्या हातांकडे असं बघत होती, की जणू कुणाचे तरी हात सांभाळायला आणून ठेवलेत.

मुहूर्त गोरजाचा होता. दुपारची पंगत उठली, अंगणात मांडवाखाली चोपड्याची मंडळी पान खात बसली होती, आणि इस्पितळाचा टांगा दाराशी येऊन उभा राहिला. टांगेवाल्यानं निरोप आणला, तो त्यानं सगळ्यांसमोरच सांगितला. साक्रीकडून बैलगाडीतून एक बाई आणली आहे, पोटात आतड्याला पीळ पडलाय, संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही. दुसरी नर्स तापानं पडलेली. डॉक्टरांनी सांगितलंय, आज हे सांगायला जीभ रेटत नाही, पण अक्का आली तरच हात घालतो.

मी त्या वेळी ओसरीवर होते. अक्का मोरीकडे गेली आणि मागे न बघता हात पसरला. हळदीनं पिवळी झालेली थोरली उठली, आणि तिनं खुंटीवरचा हातमोजा काढून आईच्या तळहातावर ठेवला. मिरचीचा नव्हे, दुसरा. एवढ्या गोंधळातही तिनं खुंटी चुकवली नाही हे माझ्या लक्षात राहिलं.

तेवढ्यात विहीणबाई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आज भुंडा हातनी उंबराबाहेर गयात, तं आम्ही आठून वरात फिराई लई जासूत."

वरात परत न्यायची म्हणजे काय, ते तुम्हांला कळायचं नाही. मांडवातून वरात परत गेलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारणार? थोरलीच्या चेहऱ्यावरची हळद एकदम फिकी दिसायला लागली. अक्कानं हातमोजा चढवला होता. साबण लावता लावता ती म्हणाली, "याहीनबाई, तठे एक बाईना नवरा तिन्या बांगड्या मूठमा धरीसन उभा शे. त्या परत तिना हातमा जायाले पाह्यजेत."

मग तिनं पहिली बांगडी रबरावरून ओढली. चुडा नवा, काच पातळ. एक जरी तडकली असती तर विहीणबाईंना बोलायची गरजच उरली नसती. लेकीच्या लग्नात आईची बांगडी फुटली एवढं पुरे होतं. आम्ही बायका श्वास रोखून बघत होतो. थोरलीनं भरलेली झारी पुढे धरली होती. एकेक बांगडी सुटायची आणि झारीच्या मानेत जायची, किणकिण करत. एक हात झाला, दुसरा झाला. एकही फुटली नाही. अक्का हात छातीपुढे उचलून, कोपरानं दार ढकलून बाहेर पडली आणि टांग्यात बसली.

विहीणबाई तशाच उभ्या होत्या. वरात न्या असंही म्हणाल्या नाहीत आणि राहा असंही नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसल्या. नवरदेवाकडचे लोक दारातून डोकावून जात. आता काय होतंय, म्हणून मीही काहीतरी निमित्त काढून तिथंच घुटमळले. तेवढ्यात अक्काची धाकटी आत आली. तिला लहानपणापासून जे माहीत होतं तेच तिनं सांगितलं. आईचा राग आला असेल तर झारीला सांगा, आई आल्यावर पाणी पिते, मग तिला कळतं. आणि झारी रिकामी मात्र होऊ द्यायची नाही हं, नाहीतर बाबांना बरं नसतं.

विहीणबाईंनी त्या पोरीकडे बराच वेळ पाहिलं. पोरगी गेली. मी डब्यांआड होते. त्यांना दिसले नसेन. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, झारी जवळ ओढली आणि तिच्या तोंडाशी वाकून बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, माझा इलाज नव्हता. पण बोलणं चांगलं लांबलं, आणि मधे मधे बोट नाचवून झालं. उठल्या तेव्हा चेहरा जरा मोकळा झाला होता. बाहेर जाऊन त्यांनी वाजंत्र्यांना विचारलं, की तुम्ही झोपलात का.

मुहूर्त गाठला, अंतरपाट दूर झाला. आता कन्यादान. त्यात मुलीची आई झारीनं पाण्याची धार सोडते, आणि आई अजून इस्पितळात. भटजी म्हणाले, पत्नी हजर नसली तर तिच्या जागी काहीतरी मांडायची सोय शास्त्रात आहे, सुपारी ठेवू. अबोल फिटर तेव्हा उठला. आत गेला, बांगड्या घातलेली झारी उचलून आणली आणि स्वतःशेजारच्या पाटावर ठेवली. भटजींनी झारीकडे पाहिलं, फिटरकडे पाहिलं, आणि मंत्र सुरू केले.

फिटरच्या बहिणीनं झारी उचलली. ती कलती झाली तशा बांगड्या मानेवरून घसरल्या आणि वाजल्या. एखादी बाई हात पुढे करून पाणी घालते ना, अगदी तसा आवाज. थोरलीनं चटकन मान वर करून बघितलं.

मंत्र लांबले. धार बारीक होत चालली. मांडवाच्या कडेला म्हातारी सासू बसली होती. विधवा, तिला पुढे यायची सोय नव्हती. तिची नजर तोटीवर खिळली होती आणि ओठ हलत होते. बांगड्या झारीवर आणि झारी रिकामी होतेय, हे त्या घरातल्या माणसांखेरीज कुणाला कळणार? मला कळलं, पण मला उठायचं धैर्य होईना.

विहीणबाई उठल्या. नवऱ्या मुलाची आई कन्यादानात पाणी घालत नाही, भटजींनी भुवया उंचावल्या. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन त्या झारीपाशी आल्या आणि वरून ओतत राहिल्या. खाली तोटीतून धार पडत होती आणि वर त्या भरत होत्या. मंत्र संपले तेव्हा झारी काठोकाठ होती. नंतर कुणीतरी विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "रिकामी व्हई जाती ना."

रात्रीच्या पंगतीची पानं मांडत असताना अक्का आली. कुणी विचारायच्या आत तिनं मान हलवली. साक्रीची बाई वाचली होती. अक्काला आता स्वतःच्या हातावर चुडा पुन्हा चढवायचा होता. तिनं हात पसरला. या वेळी हातमोजा ठेवला विहीणबाईंनी, आणि बांगड्याही त्यांनीच एकेक करून चढवल्या. मग अक्कानं झारी उचलली आणि सवयीप्रमाणे पाणी पिऊन टाकलं. तोंड पुसत विहीणबाईंकडे बघून म्हणाली, "आज पाणी तिखट लागस."

विहीणबाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "बठ्ठं कोठे सांगेल शे आजून?" म्हणजे, सगळं अजून सांगितलंय कुठं?

दोघी हसल्या. मीही हसले, आणि दुपारी मी डब्यांआड होते हे त्यांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली निघाली. गाड्या जुंपल्या होत्या. सगळ्यांना नमस्कार करून झाला, आजीच्या गळ्यात पडून झालं. आईपुढे मात्र ती नुसती उभी राहिली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि झारी भरून घेऊन आली. पण बांगड्या आईच्या हातात होत्या. झारी नुसती झारी होती. तिला काय सांगणार?

अक्कानं क्षणभर बघितलं. खुंटीवरचा हातमोजा काढला, आणि अंगणात, सगळ्या गावासमोर, हिरवा चुडा एकेक करून उतरवून लेकीच्या हातातल्या झारीवर घातला. मग ती पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. विहीणबाईंनी आपल्या माणसांना हातानंच थांबायची खूण केली. थोरली झारीच्या तोंडाशी वाकली आणि बोलत राहिली.

गाड्या नजरेआड झाल्यावर अक्कानं बांगड्या घातल्या आणि झारी तोंडाला लावली. शेवटचा थेंब संपेपर्यंत खाली ठेवली नाही. त्या दिवशी पाणी कसं होतं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आणि माझा स्वभाव तुम्हांला ठाऊकच आहे.